चुना वाळेपर्यंत

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. शाळेचं पुस्तक जून उलटला की मिळे. पत्रकं मात्र घरात बारमाही. कारखान्याच्या गेटवर, स्टेशनच्या पुलावर, जयंतीच्या मिरवणुकीत जो कागद हातात पडेल तो बाबा घडी करून खिशात घालत आणि आई तो फळीवर अंथरी. पिठाचा डबा उचलला की खाली ‘कामगार बंधूंनो’. मिठाच्या बरणीखाली ‘निषेध’. डाळीखाली अर्धाच कागद होता, ‘आता माघार ना’ एवढाच, पुढचं उंदरांनी नेलेलं.

त्या सगळ्या कागदांत एक गोष्ट फिरून फिरून येई. दडपलेलं एक दिवस फुटतं. वाफ कोंडली की झाकण उडतं. आतला दाब बाहेरच पडतो. मला हे इतकं पटलेलं होतं की त्याची शंका येणं म्हणजे फितुरी वाटली असती. कॉलेजात गेल्यावर मीही पत्रकं लिहायला लागले आणि पहिल्याच पत्रकात हेच वाक्य घातलं. छापून आल्यावर बाबांना दाखवलं. बाबा म्हणाले, ‘झाकण उडत नाही गं, आधी कडेचं रबराचं पॅकिंग जातं.’ आणि जेवायला बसले.

बाबांचा रोजचा धंदाच दाबाशी होता. आम्ही अंबरनाथला, मोरिवलीच्या कडेला, कारखान्यांच्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या चाळीत राहायचो. बाबा तिथल्याच एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये डिश ठोकत. डिश म्हणजे टाकीचं टोक. रंगाच्या, औषधांच्या कंपन्यांना मोठमोठ्या टाक्या लागतात. टाकीचं अंग पत्रा गोल वळवून करता येतं, पण टोकं सपाट ठेवून चालत नाही, दाब त्यांना टिकू देत नाही. म्हणून टोकाला परातीसारखं खोलगट झाकण ठोकून बसवतात. मध्ये मोठी, निवांत गोलाई, आणि कडेला एकदम घेतलेलं वळण, जिथे परात संपते आणि टाकीचं अंग सुरू होतं. त्या वळणाला शेडमध्ये नकल म्हणत. सपाट पत्रा कडेला वळवायचा म्हणजे तिथे माल जास्त होतो, चुण्या पडायला बघतात. त्या पडू न देता घणाने आणि लाकडी मोगरीने माल जिरवत न्यायचा, मापाचा फर्मा लावून बघायचा, पुन्हा ठोकायचं. बाबांची नकल फर्म्याला लागली की मध्ये उजेड दिसत नसे.

आमच्या आजोबांच्या वाट्याला गावात जे काम होतं ते जन्माने आलेलं होतं. धम्म घेतला त्या वर्षी त्यांनी ते टाकलं. बाबांचं काम जन्माने आलं नव्हतं, हाताने आलं होतं. आधी झाडू, मग हेल्पर, मग दुसऱ्याच्या घणाखाली पत्रा धरून ठेवणं, आणि मग एक दिवस स्वतःचा घण. ‘मिस्त्री’ ही हाक त्यांना कोणी दान दिलेली नव्हती. हे मी कधी कुठल्या पत्रकात लिहिलं नाही, कारण पत्रकात ‘कामगार’ हा एकच माणूस असतो आणि त्याला मोगरी नसते.

शेडमध्ये एक रिवाज होता. टाकी तयार झाली की ती पाण्याने काठोकाठ भरायची, हवा काढून टाकायची आणि हातपंपाने आत दाब चढवायचा. कुठे पाझरतं का, ते कळावं म्हणून वेल्डिंगच्या सांध्यांवर आधी चुना मारायचा. पांढऱ्यावर ओल लगेच दिसते. ज्याची डिश त्यानेच चुना मारायचा आणि त्यानेच पंप मारायचा. फुटलं तर पहिलं पाणी त्याच्या तोंडावर. बाकीचे मिस्त्री सांध्यावर एक पट्टा ओढून मोकळे होत. बाबा अख्ख्या डिशला चुना मारत, मध्यापासून कडेपर्यंत. तोंड धुताना कोणी नुसती हनुवटी धुतो का, असं त्यांचं म्हणणं. शेडमधले वेल्डर, मूळचे राजापूरकडचे, मी त्यांना काका म्हणायची, ते दर वेळी विचारत, ‘झाली का नवरीला पावडर लावून?’

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. बदलापूरच्या एका औषध कंपनीची ऑर्डर शेडला मिळाली. तोवर शेडमध्ये साध्या लोखंडाच्या जाड प्लेटा यायच्या. ही टाकी स्टीलची, न गंजणारी, आणि अंगाने रुंद. स्टील ताकदवान, म्हणून ड्रॉइंगमध्ये पत्रा पातळ धरलेला. एवढ्या रुंद डिशला एवढा पातळ पत्रा बाबांनी तोवर ठोकला नव्हता. पण काम झाल्यावर खूश होते. आईला सांगत होते, अशी गुळगुळीत डिश माझ्या हातून आधी झाली नाही, तोंड दिसतं तिच्यात.

टेस्टच्या दिवशी काय झालं ते बाबांनी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी ते घरी आले, हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. सांगितलं ते वेल्डरकाकांनी, दुसऱ्या दिवशी, चाळीच्या नळापाशी.

बाबा पंप मारत होते. काटा चढत होता, ठरलेल्या खुणेच्या अजून खालीच होता. तेवढ्यात आवाज झाला. तेलाच्या रिकाम्या डब्यावर अंगठा दाबला की येतो तसा, पण शेडभर घुमणारा. मग डिशच्या कडेने दुसरा, मग तिसरा. बाबांनी पंप सोडला. पाण्याचा एक थेंबही बाहेर आलेला नव्हता. पण नकलेवर, ठरावीक अंतराने, आत दबलेल्या चुण्या पडल्या होत्या. दाब उतरवला तरी त्या गेल्या नाहीत.

शेठ धावत आले. हे शेठ उल्हासनगरचे, सिंधी. बराकीत वाढलेले, वडिलांनी कॅम्प दोनच्या बाजारात पत्र्याच्या पेट्या विकून सुरुवात केलेली. वाईट माणूस नव्हता. पण स्टीलची ही त्यांची पहिली ऑर्डर होती, आणि घाबरलेला माणूस आधी बोलतो. सगळी शेड जमली होती. शेठ म्हणाले, ‘अंदर से पानी धक्का मार रहा है, मिस्त्री. धक्के से माल बाहर आएगा. अंदर कैसे जाएगा? ये ठोकने में ही था, पानी ने दिखा दिया.’ आणि मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, ‘जिसको नकल बिठाना नहीं आता, उसके हाथ में मैंने स्टील दिया. गलती मेरी.’

‘मग बाबा काय म्हणाले?’ मी विचारलं.

काकांनी भरलेली बादली बाजूला ठेवली. ‘म्हणाले, असेल शेठ.’

शेठने डिशवर ताडपत्री टाकली, कोणा गिऱ्हाईकाच्या नजरेला पडू नये म्हणून, आणि बाबांना ग्राइंडिंगला पाठवलं, सांधे घासायच्या हलक्या कामाला. पुढल्या आठवड्यात औषध कंपनीचे साहेब येणार होते. त्यांनीही ठोकण्याचाच दोष काढला तर यापुढे सगळ्या डिश बाहेरून मशीनवर करून आणायच्या, आणि बाबांनी ग्राइंडिंगलाच राहायचं, असं ठरलं.

माझ्यासाठी सगळं लख्ख होतं. पत्रा पातळ का? कारण शेठने खाल्ला. ड्रॉइंगमध्ये जाड, शेडमध्ये पातळ, आणि खापर कामगाराच्या डोक्यावर. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. ‘पत्र्यातली चोरी, कामगाराच्या माथी’ असा मथळा. ओळखीच्या सायक्लोस्टाइलवाल्याकडून गठ्ठा काढून आणला आणि त्यातलं एक बाबांना वाचून दाखवलं. हे गेटवर वाटते, असं मी म्हणाले.

बाबा ऐकत होते, पण त्यांचं लक्ष ताटाकडे होतं. त्या दिवसांत त्यांना एक सवय लागली होती. ताट, तांब्या, कढई, जे हाताला लागेल त्याच्या कडेवरून बोट फिरवत बसायचं. बोटांना कळेनासं झालंय का, ते बघत होते. आईला एकदा विचारलंही, माझी नजर गेली असेल का गं?

‘यात माझं नाव कुठंय?’ त्यांनी मला विचारलं.

‘नाव कसं घालणार? कामगार म्हटलंय ना.’

‘मग ते त्यांचं असेल. माझं नाही.’ मग म्हणाले, ‘पत्रा पातळ होता तरी ठोकणारा मी होतो. नकलेत माल जिरवताना कुठेतरी दबून राहिली असणार चुणी. मला दिसली नाही. आतून दाब दिला तर आत कशी जाईल, तू सांग. कॉलेजात शिकतेस ना?’

मला सांगता आलं नाही. मी कॉमर्सला होते. पण राग आला तो त्याचा नाही. राग आला तो ते ओरडत नव्हते याचा. एवढा दाब माणसावर आला तर त्याने फुटायला हवं होतं, माझ्या सगळ्या कागदांनी तसं सांगितलं होतं. आणि हा माणूस फुटत नव्हता. तो कडेकडेने आत जात होता.

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असते. त्या शुक्रवारी बाबा शिवमंदिराकडे नदीवर जाऊन बसले होते. एरवी जात नसत. देवळाचं त्यांना काही नव्हतं, पण तिथल्या दगडाचं काम बघायला आवडायचं. त्या दिवशी तेही बघितलं नसेल. घरी मी आणि आई. आई कॅम्प दोनच्या एका दुकानासाठी उशा, लोड, बैठकीच्या गोल गाद्या शिवून, भरून देई. त्या खेपेला दुकानदाराने नवीन कापड पाठवलं होतं, चकचकीत, पातळ, लग्नाच्या हॉलसाठी. दोन गोल तुकडे कडेने शिवायचे, उलटे करायचे आणि कापूस ठासून भरायचा. आईची सकाळपासून कटकट चालली होती.

‘काय झालं?’

‘बघ की. चुणी नको म्हणतो आणि ठासून भरा म्हणतो. दोन्ही कुठून व्हायचं?’

तिने गादी पुढे टाकली. मध्ये टम्म फुगलेली, आणि शिवणीला लागून सगळीकडून चुण्या. एका बाजूला नाही, सगळीकडून, ठरावीक अंतराने.

‘तुझी शिवण ओढली गेली असेल.’

‘माझी शिवण?’ आईने माझ्याकडे असं बघितलं की मी शब्द परत घेतला. ‘रिकामी असताना बघितलीस का? ताटासारखी सपाट होती. मध्ये फुगवलं की कडेला ओढ बसते. घेर आत येतो. घेर कमी झाला की कडेचं कापड जाईल कुठे? जाड मांजरपाट असता तर तो अडून राहिला असता, मोडला नसता. हे असलं पातळ, लगेच चुणी.’

मी कापसाचा बोळा हातात धरून बसले होते. ‘पण आई, दाब तर आतून आहे.’

‘मग? आतून आहे म्हणूनच तर.’

तिला कळत नव्हतं मी का उठले. मी एक गादी अर्धी रिकामी केली, सपाट झाली. पुन्हा भरली, चुण्या आल्या. पुन्हा रिकामी केली. आई म्हणाली, ‘खेळायला दिली नाहीये ती.’

बाबा आल्यावर मी गादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बघितलं, बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाले, ‘कापूस वेगळा आणि स्टील वेगळं.’ मी वाद घालायला लागले तर आईने डोळ्यांनी गप्प केलं.

पण साहेब यायच्या दिवशी सकाळी पाहिलं तर डब्याच्या पिशवीतून ती गादी डोकावत होती. लालभडक, चकचकीत, कडेला सोनेरी काठ. चाळीच्या तोंडाशी वेल्डरकाका वाट बघत होते. ते म्हणाले, ‘मिस्त्री, कामावर चाललात की सासुरवाडीला?’ बाबा म्हणाले, ‘ग्राइंडिंगला बसायला घेतलीय. तिथला बाक टोचतो.’ आठवड्याभरात त्यांनी केलेली ती पहिली थट्टा.

मी त्यांच्या मागोमाग निघाले. पत्रकांचा गठ्ठा बरोबर होता. गेटवर वाटायचा तो वाटणारच, असं माझं पक्कं होतं. पण काकांनी वॉचमनला काहीतरी सांगितलं आणि मला आतच घेतलं. ‘बाहेर कागद वाटण्यापेक्षा आत ये आणि बघ,’ म्हणाले. ‘नंतर वाट.’

साहेब तिशीच्या आतबाहेरचे, चष्मा, पॅन्टला पुढून ग्रीस लागलेलं. म्हणजे कामाचा माणूस. शेठ त्यांना ‘साईं, साईं’ करत डिशपाशी घेऊन आले. ताडपत्री काढली. साहेबांनी आधी पत्र्याची जाडी मोजली, तीन-चार ठिकाणी.  ते म्हणाले, ड्रॉइंगप्रमाणे आहे, कुठेही कमी नाही. शेठने काही खाल्लं नव्हतं. पत्रकांचा गठ्ठा मी पाठीमागे धरला.

मग साहेब गुडघ्यावर बसून नकल बघायला लागले. डिशवर बाबांनी मारलेला चुना अजून होता, कुंचल्याच्या फटकाऱ्यांसकट. फक्त चुण्यांवरचा गेला होता. प्रत्येक चुणीवर चुन्याचे पापुद्रे निघून आतलं स्टील चमकत होतं, आणि दोन चुण्यांच्या मधला चुना जसाच्या तसा.

‘चुना कधी मारला?’ साहेबांनी विचारलं.

शेठ म्हणाले, टेस्ट के पहले मारते हैं, हमारा रिवाज है.

‘एवढ्या वरपर्यंत? सांध्यावरच मारतात ना?’

‘ते मिस्त्री मारतात. पूर्ण डिशला,’ वेल्डरकाका मागून म्हणाले.

‘कुठे आहेत मिस्त्री?’

बाबांना ग्राइंडिंगवरून बोलावलं. ते ग्राइंडिंगचा चष्मा कपाळावर सारून आले, तोंडावर धूळ. साहेबांनी त्यांना बाजूला बसवलं आणि बोटाने दाखवलं. ‘मिस्त्री, चुणी आधी असती तर तुमचा चुना तिच्यावर बसला असता. खाचेत जास्तच बसला असता. हा तर तडकून निघालाय. म्हणजे चुना वाळला तेव्हा इथे चुणी नव्हती.’

 बाबांनी हात पुढे केला आणि एका चुणीत बोट घातलं, मग बाजूच्या चुन्यावर. ताडपत्री टाकल्यापासून ते त्या डिशजवळ गेलेच नव्हते. डिश त्यांचीच, चुना त्यांचाच, आणि बघायची हिंमत झाली नव्हती.

शेठ म्हणाले, ‘पर साईं, दाब तो अंदर से है.’

तेव्हा बाबा उठले, पिशवी घेऊन आले आणि लाल गादी डिशवर ठेवली. कोणीतरी मागे हसलं. बाबा साहेबांना म्हणाले, ‘आमच्या घरातून गाद्या शिवतात. त्या म्हणतात, मध्ये फुगवलं की कडेला घेर आत ओढला जातो, कापड पातळ असलं की चुणी पडणारच. पोरगी म्हणते, तसंच झालं असेल. मी म्हटलं, कापूस वेगळा, स्टील वेगळं. तुम्ही सांगा.’

साहेबांनी गादी हातात घेतली. उलटीपालटी केली. कडेवरून अंगठा फिरवला, अगदी बाबांसारखा. मग चष्मा काढून पुसला.

‘वेगळं नाही,’ ते म्हणाले. ‘हेच आहे. आतून दाब आला की परातीचा मधला भाग बाहेर जातो आणि नकल आत खेचली जाते. घेर लहान व्हायला बघतो. जाड पत्रा ते सोसतो. पातळ पत्रा रुंद डिशवर असला की दुमडतो. पुस्तकात आहे हे.’ त्यांनी गादी खाली ठेवली. ‘ड्रॉइंग माझं आहे. मी फुटण्याचा हिशोब केला होता. दुमडण्याचा केला नाही. स्टील भक्कम आहे म्हणून पत्रा उतरवला.’

हे त्यांना न बोलताही चाललं असतं. कंपनीत जाऊन काय सोसावं लागलं असेल ते त्यांनाच ठाऊक. माझ्या पत्रकांत साहेब नावाचा जो माणूस असे, तो असं काही बोलत नसे. मला त्या दिवशी त्यांचा फार आदर वाटला आणि थोडी चिडही आली, कारण शत्रू शिल्लकच राहिला नव्हता.

पण एक हिशोब शिल्लक होता. साहेब ऑफिसात गेले, शेठ त्यांच्या मागे निघाले, तेव्हा मी आडवी आले. बाबा ‘पोरी’ म्हणाले, हलक्या आवाजात, थांबवायला. मी थांबले नाही.

‘शेठ, तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललात. आता ऑफिसात बसून मिटवू नका. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर बोला.’

शेठने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे. वरचा मथळा त्यांना वाचता आला असावा. मग ते ऑफिसात निघून गेले.

घरी येताना बाबा म्हणाले, ‘माझा घण परत मिळाला. अजून काय पाहिजे तुला?’ मी म्हटलं, मला नाही, तुम्हाला पाहिजे. ते म्हणाले, ‘मला नको.’ पण पुढच्या गल्लीत त्यांनीच विचारलं, ‘बोलतील का गं ते? ऐकलं असेल?’

नवीन ड्रॉइंग आलं. पत्रा जाड, नकलेचं वळण आधीपेक्षा ऐसपैस. बाबा ठोकायला लागले. त्या दिवसांत ते ताटाच्या कडेवरून बोट फिरवेनासे झाले. जेवण नीट जेवत आणि मीठ कमी आहे म्हणून आईला ऐकवत. आईला त्याचं इतकं बरं वाटलं की तिने मीठ वाढवलंच नाही. माझा पत्रकांचा गठ्ठा तिने मागून घेतला आणि गोल गाद्यांचे नमुने कापायला वापरला. वाया कशाला घालवायचा, म्हणाली. एका बाजूने कोराच आहे.

टेस्टच्या आदल्या दिवशी वेल्डरकाका निरोप घेऊन आले. शेठ म्हणालेत, उस पर्चेवाली लड़की को भी लाना.

मी गेले. डिशला चुना मारून झाला होता, पूर्ण, मध्यापासून कडेपर्यंत. टाकी भरलेली. बाबा पंपाच्या दांड्यापाशी, साहेब काट्यापाशी. शेठ आले आणि त्यांनी कोणाला तरी खूण केली. एकेक मशीन बंद होत गेलं. ग्राइंडर, रोल, पलीकडचा कॉम्प्रेसर. चालू दिवसात ती शेड गप्प झालेली मी कधी ऐकली नव्हती. बाहेरचे कावळे ऐकू यायला लागले. माणसं हात पुसत जमली.

शेठ शेडमध्ये मराठी कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले, मोडकंतोडकं, एकेक शब्द पाठ केल्यासारखं. ‘त्या दिवशी मी बोललो, मिस्त्रीला नकल बसवता येत नाही. मी चुकीचं बोललो. डिश बरोबर होती. मिस्त्रीचा हात बरोबर होता.’ आणि पुढे काय करावं ते न सुचून त्यांनी नव्या डिशवर हात ठेवला, नकलेवर, पसरून, एखाद्याच्या खांद्यावर ठेवावा तसा.

सगळे बाबांकडे बघत होते. मीही. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. इतके दिवस आत कोंडलेलं आता तरी बाहेर पडेल.

बाबा शेठच्या हाताकडे बघत होते.

‘शेठ,’ ते म्हणाले, ‘हात काढा. चुना ओला आहे.’

शेठने हात ओढून घेतला. तळवा पांढरा, आणि नकलेवर पाच बोटांचा ठसा. वेल्डरकाकांना पहिलं हसू फुटलं, मग सगळ्यांना, शेठलाही. साहेब म्हणाले, काही हरकत नाही, सांध्यावरचा वाळलाय, सुरू करा.

‘नाही,’ बाबा म्हणाले. ‘पूर्ण वाळू दे. वाळल्याशिवाय पंप मारणार नाही.’

त्यांनी कुंचला घेऊन ठसा बुजवला नाही, तसाच राहू दिला. पंपाच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. आणि सगळी शेड, मशीनं बंद, शेठ पांढरा हात अंगापासून दूर धरून, साहेब घड्याळ न बघायचा प्रयत्न करत, मी कोपऱ्यात, सगळे एका मिस्त्रीचा चुना वाळायची वाट बघत थांबलो. कोणी घाई केली नाही. मधेच बाबा जात, बोटाच्या मागच्या बाजूने चुना चाचपत, नाही अशी मान हलवत आणि परत येऊन उभे राहत.

मग एकदा मान हलली नाही. त्यांनी दांडा खाली दाबला.

काटा चढत गेला, त्या दिवशीच्या जागेवरून पुढे, खुणेपर्यंत, आणि साहेबांनी हात वर करेपर्यंत तिथेच उभा राहिला. आवाज झाला नाही. बाबा पंप सोडून डिशपाशी गेले आणि नकलेवरून बोट फिरवत पूर्ण फेरी मारली, अगदी सावकाश. चुना कुठेही तडकला नव्हता. शेठच्या बोटांपाशी आल्यावर ते क्षणभर थांबले, ठशावर स्वतःचा पंजा ठेवून बघितला आणि पुढे गेले.